चाकांवरचे घर आणि पंख्याची घरघर

मराठी माणसाच्या कानाला आवाजांची वाण कधीच पडली नाही. पाण्याची खळखळ वेगळी आणि झुळझुळ वेगळी. पानांची सळसळ निराळी आणि कागदाची फडफड निराळी. काकणांची किणकिण, पैंजणांची छुमछुम, पावसाची रिपरिप, म्हाताऱ्या दाराची करकर! व्याकरणात आपण यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतो, वर्गात चार उदाहरणे देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. विद्यार्थीही ते परीक्षेपुरते पाठ करतात व विसरतात. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. तो चाळताना हे शब्द जागोजागी भेटतात. एका आवाजाला एक शब्द पुरत असताना आपल्या पूर्वजांनी एवढा पसारा कशासाठी मांडला असेल, असे दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी मला विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर मला २०२३ सालच्या सप्टेंबरात मिळाले. तेही ग्रंथालयात नव्हे, तर अमेरिकेतल्या एका जंगलात, आणि दिले कुणी, तर तळहाताएवढ्या एका पंख्याने!

चाकांवरची खोली

माझा धाकटा भाऊ डेन्व्हरला असतो. तिकडल्या अनेक कुटुंबांप्रमाणे त्यानेही एक जुनी, छोटी ‘कॅम्पर’ घेतली आहे. कॅम्पर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आपल्याकडच्या चाळीतील दहा बाय दहाची खोली आठवा, तिची रुंदी थोडी कमी करा, लांबी थोडी वाढवा आणि तिला दोन चाके लावा. आत एक शेगडी, एक मोरीवजा कोपरा, एक इवलेसे कपाट. दिवसा ज्या बाकांवर बसून जेवायचे, तीच बाके रात्री उलगडून त्यांवर झोपायचे. जागेचा असा काटकसरी संसार पाहिल्यावर गिरगावातल्या बिऱ्हाडाची आठवण न झाली तरच नवल!

या खोलीतून भाऊ, भावजय, नऊ वर्षांची भाची आणि मी असे चौघे यलोस्टोनला निघालो. १८७२ साली राखून ठेवलेले हे राष्ट्रीय उद्यान. त्यातल्या मोठ्या सरोवराकाठी ‘फिशिंग ब्रिज’ नावाचा गाड्यांचा तळ आहे. तेथे तंबू ठोकायला बंदी आहे. भिंती टणक असतील अशाच गाडीला प्रवेश मिळतो, कारण आसपास अस्वलांचा राबता असतो. उंची समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्याही दोन हजार फूट वर. सप्टेंबरातच रात्री पाणी गोठू लागते. बाहेर अस्वल, आत थंडी. अशा वेळी गाडीतली ऊब ही चैनीची वस्तू राहत नाही.

आता या उबेचे गणित सांगायला हवे, कारण पुढची सारी हकीगत त्यावरच उभी आहे. तळावर प्रत्येक गाडीच्या जागेशी एक खांब असतो. त्यावरून जाड केबलने १२० व्होल्टची एसी वीज गाडीत येते. पण गाडीतले दिवे, पाण्याचा पंप, गॅसची गळती झाली तर ओरडणारी घंटा ही मंडळी १२ व्होल्टच्या डीसी विजेवर जगणारी. खोली तापवणारी भट्टी जळते गॅसवर, पण तिची गरम हवा खोलीत लोटणारा पंखा मात्र याच विजेवर फिरतो. तो थांबला की भट्टीही विझते. तेव्हा १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा एक दुभाष्या गाडीत असतो. त्याचे नाव कन्व्हर्टर. तो दिव्यांना वीज पुरवतो आणि उरलेल्या विजेवर बॅटरीही भरत ठेवतो. खांबाची वीज गेली, तर बॅटरीने घर सांभाळायचे असा करार.

हे भाषांतर काही फुकट होत नाही. कन्व्हर्टरवर भार आला की तो तापतो, आणि त्याला वारा घालायला त्याच्या पाठीशी एक छोटा पंखा बसवलेला असतो. काही कन्व्हर्टरांत तो उष्णता पाहून सुरू होतो, काहींत भार पाहून. काम संपले, पेटी निवली की त्याने थांबायचे.

आमचा पंखा थांबत नव्हता.

रात्री दोन वाजता

कन्व्हर्टर होता बाकाखाली, प्लायवुडच्या पेटाऱ्यात. आणि त्याच बाकावर भाचीचे अंथरूण. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा त्या पंख्याला हा पेटारा! दिवसा तळावर माणसांचा, मोटारींचा वावर असतो, तेव्हा त्याचे फारसे जाणवले नाही. पण रात्री सगळा तळ निजल्यावर त्या एवढ्याशा यंत्राने जो सूर धरला, त्याने चौघांचीही झोप उडाली. पोर कानांवर उशी दाबून पडली होती.

दोन वाजता भाऊ उठला. हातात बॅटरीचा दिवा आणि पेचकस.

“ताई, पंख्याच्या दोन तारा उपटून टाकतो. सकाळी बघू काय ते.”

यावर मी काही बोलण्याआधीच भावजय अंथरुणातून म्हणाली, “अरे, तो पंखा तिथे कुणी हौसेने बसवलाय का?”

हा प्रश्न साधा होता, पण त्या रात्रीचा सर्वांत शहाणा प्रश्न तोच. तारा उपटल्या असत्या, तर आवाज बंद झाला असता खरा. मग कन्व्हर्टर तापत गेला असता. चांगला कन्व्हर्टर फार तापला की स्वतःच काम थांबवतो, आणि मग सारा भार बॅटरीवर येतो. त्या बॅटरीची स्थिती काय होती, ते आम्हांला दुसऱ्या दिवशी कळायचे होते. ती बसली असती, तर पहाटेच्या ऐन थंडीत भट्टी विझली असती. आणि गॅसच्या गळतीची सूचना देणारी घंटाही मुकी झाली असती. शांत झोप मिळाली असती, पण ती तसली शांतता कुणाला हवी असते?

भावाने पेचकस ठेवून दिला. भाचीचे उशी-पांघरूण माझ्या शेजारी आणले, आणि आम्ही तो आवाज ऐकत पडून राहिलो.

आवाजांची वाटणी

सकाळी चहा होताच भावाने जाहीर केले, “पंखा खराब झालाय. आवाज करतोय.” मी म्हटले, “कसला आवाज?” तो म्हणाला, “आवाज म्हणजे आवाज!” वीस वर्षे इंग्रजीत वावरल्याने त्याच्या मराठीचे असे झाले असेल, असे मी म्हणणार नाही, इंग्रजीतही अशा शब्दांची वाण नाही. घाईत असलेल्या माणसाला सारे आवाज सारखेच, एवढेच खरे.

मी भाचीला जवळ घेतले. रात्रभर तिचाच कान त्या पंख्याशी होता. “आत्या, तो एक आवाज नाहीच,” ती म्हणाली, आणि तिने एकेक आवाज तोंडाने काढून दाखवला. तिला त्यांची नावे ठाऊक नव्हती. ती मी दिली आणि तिने वहीत लिहून घेतली: भणभण, टकटक, खरखर, घरघर. मग ती वही घेऊन आम्ही कामाला लागलो.

भणभण पहिल्यांदा सापडली. पेटाऱ्याच्या जाळीदार झाकणावर तळहात दाबला की ती थांबे, हात काढला की पुन्हा सुरू. याचा अर्थ, हा आवाज पंख्याचा नव्हेच. त्याच्या थरथरीने सैल झाकण वाजत होते. स्क्रू आवळले, कडेला नमद्याची पट्टी चिकटवली, भणभण गेली.

बाकीच्यांसाठी पेटी उघडणे भाग होते. अशा वेळी पहिला नियम असा की खांबावरची केबल आधी काढायची, मग बॅटरीची तार सोडवायची, आणि तरीही थोडा वेळ थांबायचे. कारण आतले कपॅसिटर वीज गेल्यावरही काही काळ ती धरून ठेवतात. भावाने हे सारे निमूटपणे केले. टकटकीचे कारण लगेच दिसले: एक सैल तार पंख्याच्या पात्यांपर्यंत लोंबत होती, आणि गाडी खड्ड्यातून गेली की ती आणखी पुढे सरके. तिला प्लास्टिकच्या पट्टीने मागे बांधली. खरखर होती धुळीची. जाळीवर आणि पात्यांवर धूळ व लोकरीचे तंतू यांचा जाड थर बसला होता. रंगाच्या कोरड्या ब्रशाने, पाते बोटाने धरून, तो काढला. त्यातच आणखी एक शोध लागला. हवा आत येण्याच्या भोकांसमोर भावजयीने जादा पांघरुणांची वळकटी ठासून ठेवली होती. एवढ्याशा घरात तिने ती ठेवायची तरी कुठे? पण पंख्याला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. शिवाय त्या उंचीवर हवा मुळातच विरळ. तेच पाते तितकेच फिरले, तरी थंडावा कमीच देते.

राहिली घरघर. पंख्याचा मध्य बोटांनी हलवून पाहिला, तर तो डुगडुगत होता. आस ज्यात फिरतो ते बेअरिंग झिजले होते. तेलाचा एक थेंब दिला की चार दिवस बरे वाटते, पण झिजलेला धातू तेलाने भरून येत नाही. मराठीत एखाद्याला घरघर लागली म्हणतात, ती शेवटच्या घटकांची. ती या पंख्याला लागली होती. तो बदलायलाच हवा होता.

शेजारच्या आजोबांचा प्रश्न

सगळे जोडून वीज दिली. आवाज निम्म्याहून कमी झाला. भाऊ खूश. पण भाचीने वही मिटली नाही. “आत्या, तो अजून चालूच आहे.”

खरेच होते. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर छान ऊन होते, भट्टी बंद, दिवे बंद, पंप बंद. कुणी काही मागत नव्हते, तरी कन्व्हर्टर राबत होता आणि पंखा फिरत होता.

शेजारच्या गाडीत एक वृद्ध जोडपे होते. त्यातले आजोबा आयुष्यभर यंत्रांत राहिलेले दिसत होते. आमची खटपट ते मघापासून पाहत होते. ते आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: पंखा कसा वाजतो ते कळले, पण तो केव्हा फिरतो? मग म्हणाले, “बॅटरी सोडवा आणि थांबा.”

बॅटरीची तार सोडवली. आम्ही सारे बाकाभोवती कान देऊन बसलो. दहाएक मिनिटांत पंख्याची गती मंदावली आणि तो थांबला. तार पुन्हा जोडली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. चोर सापडला होता. वीज जात होती ती बॅटरीत, आणि बॅटरी काही केल्या भरत नव्हती.

आजोबांनी मीटर लावले. सोडवून ठेवलेल्या बॅटरीचा आकडा आला साडेदहा व्होल्ट. इथे थोडा हिशोब मांडते, कारण तो फार बोलका आहे. अशा बॅटरीत शिसे आणि आम्ल यांचे सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा मिळून, पूर्ण भरल्यावर, १२.६ च्या आसपास. साडेदहा म्हणजे पाच कप्प्यांचा आकडा. एक कप्पा आतल्या आत मेला होता! कन्व्हर्टरला हे कुठून कळणार? तो आपला १३.६ व्होल्ट देत राहिला. सहा कप्प्यांत वाटले तर प्रत्येकाला २.२७ येतात, ते पचतात. पाचांतच वाटले तर २.७२ येतात. एवढे अन्न अंगी लागत नाही. त्या पाच कप्प्यांतले पाणी विजेने फुटू लागते, हायड्रोजन वायू सुटतो, बॅटरी तापते. आणि कन्व्हर्टर तिला भरवत राहून स्वतः तापतो. मग पंख्याने करायचे तरी काय? तो रात्रंदिवस वारा घालत राहिला आणि त्यातच झिजला.

बॅटरीला हात लावला, तर ती गरम होती. आणि वास? अशा उकळत्या बॅटरीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो आम्हां चौघांनाही आदल्या दिवसापासून येत होता! पण यलोस्टोनमध्ये त्याचे कुणाला काय वाटावे? फिशिंग ब्रिजपासून सहाएक मैलांवर ‘मड व्होल्केनो’ म्हणून चिखलाच्या उकळत्या कुंडांचा भाग आहे. तेथे ‘ड्रॅगन्स माउथ’ नावाची एक गुहा आहे. तिच्यातून वाफ आणि वायू गुरगुरत बाहेर येतात. सारा परिसर गंधकाच्या वासाने भरलेला. आम्ही आदल्याच दुपारी तेथे जाऊन आलो होतो. तो वास कपड्यांना लागला असेल, अशी सर्वांची समजूत. नाकाने चकवले, डोळ्यांना काही दिसत नव्हते. राहता राहिला कान, आणि त्याने चोवीस तास आधी वर्दी दिली होती.

नशीब एवढेच की बॅटरी गाडीच्या बाहेर, पुढच्या दांडीवर होती. सुटलेला वायू उघड्यावर विरून जात होता. हाच हायड्रोजन बंद जागेत हवेच्या चार टक्क्यांपर्यंत साठला, तर एक ठिणगी पुरते.

कोडीची फेरी

जवळचे धड गाव म्हणजे कोडी. फिशिंग ब्रिजपासून सुमारे ऐंशी मैल. बॅटरी सोडवून ठेवली आणि भाऊ एकटाच मोटार घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तो नवी बॅटरी आणि नवा पंखा घेऊन. पंखा घेताना त्याने तीन गोष्टी जुन्याशी ताडून पाहिल्या होत्या: लांबी-रुंदी-जाडी, १२ व्होल्टचा आकडा आणि हवा लोटण्याची ताकद. केवळ मवाळ आवाजाचा म्हणून कमी ताकदीचा पंखा बसवला, तर रोग तोच राहतो. बसवताना चौकटीवरचा बाणही पाहावा लागतो. हवा कोणत्या दिशेला जाणार, ते त्यावरून कळते. उलटा बसवलेला पंखाही फिरतो, वाराही घालतो, फक्त नको तिकडे.

रात्री पारा शून्याखाली गेला. भट्टी सुरू झाली की बाकाखालून हलकीशी ‘सूं’ ऐकू येई. भट्टी थांबली की पाठोपाठ तीही थांबे. भाचीने आपल्या बाकावरच झोपायचा हट्ट धरला. तिच्या वहीत पाचवा शब्द मात्र चढला नाही. ‘सूं’ला काय म्हणायचे, असे तिने विचारले, तेव्हा मीच अडले. शेवटी ‘सुस्कारा’ असे ठरले. शास्त्रीय नाही, पण त्या पंख्याला शोभणारे खरे.

आपल्या घरातला दुभाष्या

वाचकहो, कॅम्पर आपल्याकडे फारशी कुणाकडे नाही. पण तिच्या कन्व्हर्टरचा सख्खा भाऊ आपल्या कितीतरी घरांत आहे. वीज असताना बॅटरी भरायची, आणि वीज गेली की त्याच बॅटरीतून घराला वीज द्यायची, अशी दुहेरी नोकरी तो करतो. त्याला आपण इन्व्हर्टर म्हणतो. बहुतेक घरांत तो जिन्याखाली, माळ्याच्या कोपऱ्यात, कुठे कुठे तर देवघराखालच्या कप्प्यात बसवलेला असतो, आणि त्याच्यावर रद्दी, जुनी पंचांगे, मुलांच्या बॅटी असा संसार रचलेला असतो. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्याकडे एकदा वळायला हरकत नाही.

त्याची गुणगुण ऐकून घाबरू नये. ज्यात जड ट्रान्सफॉर्मर असतो, तो गुणगुणतोच. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, आणि प्रत्येक आवर्तनात त्याचा लोखंडी गाभा दोनदा सूक्ष्म ताणतो. म्हणून तो सेकंदाला शंभर कंपनांचा खर्ज लावतो. वीज गेल्यावर छताचे पंखे गुंगुं करू लागले, तर तो बहुधा इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींचा परिणाम असतो. साइन लहरींच्या इन्व्हर्टरमध्ये तो होत नाही. भणभण आली तर झाकण किंवा खालची फळी सैल आहे का, ते पाहावे. खरखर आली तर जाळी पुसावी. घरघर आली तर पंखा बदलून घ्यावा, पण पेटी उघडायचे काम जाणत्या माणसाकडून करवावे.

आणि आवाज कसा आहे इतकेच न पाहता, तो केव्हा होतो तेही पाहावे. दोन तास वीज गेली होती आणि आता बॅटरी भरते आहे, म्हणून पंखा फिरत असेल, तर तो आपले काम करतो आहे. पण दिवसभर वीज होती, रात्र उलटली, तरी पंखा थांबत नाही, बॅटरी हाताला गरम लागते, तिच्यातून सतत खदखद ऐकू येते, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, अशी लक्षणे जुळली तर वेळ घालवू नये. आधी खिडक्या उघडाव्यात. जवळ काडी, उदबत्ती, निरांजन काही पेटवू नये. मग तंत्रज्ञाला बोलावून बॅटरीचा कप्पा न कप्पा तपासून घ्यावा. बॅटरी देवघराखाली असेल, तर ती तेथून हलवून मोकळ्या हवेच्या जागी ठेवावी, हे उत्तम. पाण्याची पातळी खाली गेली असेल, तर शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या पत्र्यांना मानवत नाहीत.

हे सारे करताना घरातल्या लहान मुलांना जवळ बसवावे आणि त्यांना विचारावे, “कसला आवाज येतो रे?” ती तोंडाने काढून दाखवतील. नाव आपण द्यावे. यंदा वर्गात तो नेहमीचा प्रश्न आला, तेव्हा मी फळ्यावर चार शब्द लिहिले आणि बॅटरीचा हिशोब मांडला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने तास संपल्यावर सांगितले की, त्याच्या घरचा इन्व्हर्टरही रात्रभर घरघरतो. मी त्याला म्हटले, आज घरी गेल्यावर पहिले काम ते कर. निबंध उद्या दिलास तरी चालेल.